सुतकी फीत

गोटहार्ड हेलमरिश यांना गुरुवारी मातीत ठेवले आणि रविवारी दुपारी, मारबुर्गमधल्या सगळ्या घंटा मृतांच्या रविवारासाठी वाजत असताना, त्यांची वाटणी सुरू झाली. घर, बाग आणि रोखे यांचा निकाल वकिलाने आधीच लावून ठेवला होता आणि त्यावर कोणाचे काही म्हणणे नव्हते. अशा गोष्टींवरून भांडणे हेलमरिश घराण्यात हलकेपणाचे समजले जाई. म्हणून भांडण ओकच्या एका खोक्यावरून व्हायचे होते.

खोका जेवणाच्या टेबलाच्या मधोमध होता, एरवी जिथे रविवारचे भाजलेले मांस ठेवत तिथे. त्याच्या तळाला अजून कोळशाचे डाग होते. आत मंडळाच्या जुन्या वस्तू होत्या, म्हणून विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळांवर बंदी आली त्या वर्षांत तो तळघरात कोळशाखाली गाडलेला होता. न्यायाधीश म्हणून गोटहार्ड त्या काळचे कायदे दिवसभर राबवीत आणि संध्याकाळी कोळसा भरायला स्वतः खाली जात. एकाच माणसाला दोन अंतःकरणे बाळगता येतात. त्यासाठी फक्त तळघर लागते.

"आई, मी सरळच बोलतो," डेटलेफ म्हणाला. धाकट्या गेरलिंडेचा हा नवरा. काळ्या कोटाच्या आत, छातीवरून तिरपी गेलेली ओडेनिया मंडळाची हिरवी-पांढरी-जांभळी फीत दिसेल इतकेच कोटाचे बटण त्याने मोकळे सोडले होते. "खोका मंडळाच्या घरी गेला पाहिजे. काचेचं कपाट तयार आहे. बाबांच्या नावाची पाटीसुद्धा झाली."

"पाटीसुद्धा?" इर्मट्राउडने विचारले. "ताप आला तेव्हा टाकलीस करायला, की डॉक्टरांनी मान हलवेपर्यंत दम धरलास?"

"इर्मी, आजच्या दिवशी तरी!" गेरलिंडे केक कापता कापता म्हणाली. सुतकाच्या कॉफीबरोबर देतात तो साखरचुऱ्याचा केक होता आणि ती त्याचे इतके सारखे तुकडे करत होती की जणू न्याय तेवढाच उरला होता.

"आजच्याच दिवशी. उद्या तो कपाटात असेल."

इर्मट्राउड थोरली. अविवाहित, इतिहासाची डॉक्टर, गावच्या संग्रहालयातल्या विद्यार्थी-वस्तूंच्या दालनाची प्रमुख. आजोबांच्या माळ्यावर सापडलेले झाकणाचे मग, पाईपच्या चिनी मातीच्या वाट्या, काळ्या कागदातून कापलेली सावलीचित्रे, विरलेल्या टोप्या असे काय काय साऱ्या जर्मनीतून तिच्याकडे येई. ती रंगांचा क्रम पाही, मंडळाच्या नावाच्या आद्याक्षरांची ती एकमेकांत गुंतलेली सही, जिला ती गुंफाक्षर म्हणे, भिंगाखाली धरी आणि सांगे: हे अमुक गावच्या तमुक मंडळाचे, अमुक दशकातले, आणि हे फितीचे टोक नंतर कोणीतरी लबाडीने जोडलेले. मंडळांचे वयस्कर सभासद तिला वाकून 'माननीय डॉक्टर' म्हणत आणि बायकांना बोलावत त्या संध्याकाळी सोडून इतर दिवशी मंडळाच्या घराच्या दिवाणखान्यात पाऊल टाकू देत नसत. दगडावर काय कोरले आहे ते जिने वाचावे तिला देवळात मात्र प्रवेश नाही, ही व्यवस्था सर्वांच्याच सोयीची होती.

हे वाचन तिला वडिलांनी शिकवले होते. रविवारी दुपारी गालिच्यावर खोका उघडायचा, एक वस्तू तिच्या हातावर ठेवायची आणि विचारायचे, "बोल ट्राउडे, हे कोणाचं?" चुकली तर ते फक्त भुवई उचलत. नवख्या विद्यार्थ्याला 'कोल्हा' का म्हणतात, त्याने वरच्यांतून आपला पाठीराखा कसा निवडायचा, दोघांनी एकमेकांना घड्याळाच्या साखळीला अडकवायचे फितीचे लटकन कसे द्यायचे आणि ते जन्मभर कसे बाळगायचे, हे सगळे तिला पाढे येण्याआधी येत होते. मग युद्ध संपले, मंडळे पुन्हा उघडली आणि एका दुपारी गालावर मंडळाच्या द्वंद्वात मिळालेला तलवारीचा ताजा व्रण मिरवीत डेटलेफ आला. वडील म्हणाले, "ट्राउडे, सरक जरा. त्याला बघू दे. त्याला ते घालता येतं." ती सरकली. त्या दिवसापासून ती सरकलेलीच होती. डेटलेफने गेरलिंडेला मागणी घातली ती नंतर. आधी त्याने सासरा मिळवला होता.

"मी अजून काही ठरवलेलं नाही," टेबलाच्या टोकाशी बसलेली ओटिलिए म्हणाली. नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात तिचा आवाज बारीक झाला होता. हुकूम मात्र तेवढेच जाड होते. "ट्राउडे म्हणते तिचा हक्क, डेटलेफ म्हणतो त्याचा. एकेक वस्तू बाहेर काढा आणि काय आहे ते मला सांगा. सगळा जन्म यांच्यावरची धूळ पुसली मी. कशाची पुसली ते कळू दे तरी."

डेटलेफने पहिला हात मारला तो झाकणाच्या मगावर. "हा आपल्या पणजोबांचा, आई. अठराशे अठ्ठेचाळीस सालच्या बंडाचा. रस्त्यात अडथळे रचले होते तेव्हा हा त्यांच्या हातात होता. बाबांनी स्वतः सांगितलंय मला."

"बाबांनी तुला सांगितलं," इर्मट्राउड म्हणाली, "कारण तुला गोष्ट आवडली असती. मला त्यांनी झाकण उलटं करायला शिकवलं. कर."

त्याने केले.

"चांदीवर काय ठोकलंय?"

"चंद्रकोर. आणि मुकुट."

"तो ठसा साम्राज्याने आणला. बंडाला तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेली होती. पणजोबांच्या हातात हा मग असलाच तर त्यांच्या तोंडात तेव्हा दात नव्हते."

गेरलिंडेला हसू फुटले. नवऱ्याकडे लक्ष जाताच तिने ते रुमालात गुंडाळले.

"छान," डेटलेफ म्हणाला. व्रण असलेला गाल लाल होत नसे, म्हणून त्याचा राग नेहमी अर्ध्याच चेहऱ्यावर दिसे. "तुला सगळं ओळखता येतं, डॉक्टरबाई. यातली एक वस्तू अंगावर घालून दाखव. हे बघ, शब्दकोश पाठ असला म्हणून कोणी प्रेमपत्रं धाडत नाही."

हा घाव वर्मी बसला. आणि तो तसा बसला हे आईने पाहिले, याने तो आणखी खोल गेला.

दोन पाईपच्या वाट्या झाल्या, एक टोपी झाली, मित्रांच्या सावलीचित्रांची एक चळत झाली. प्रत्येक वेळी डेटलेफ गोष्ट सांगे आणि इर्मट्राउड वस्तू सांगे. प्रत्येक वेळी वस्तू जिंके आणि प्रत्येक वेळी आई गोष्टीकडेच बघे. मग त्याने खोक्याच्या कोपऱ्यातून तळहाताएवढे एक लटकन उचलले. मंडळाच्या रंगांची दुहेरी फीत, तिला चांदीची चिमट, चिमटीवर गुंफाक्षर आणि खाली 'गोटहार्ड' असे नाव. चिमटीच्या मागच्या बाजूवरून आणि फितीवरून काळ्या रेशमी क्रेपची पट्टी गुंडाळून शिवली होती.

डेटलेफचा आवाज खरोखर भरून आला. तो लबाड माणूस नव्हता. त्याला फक्त प्रेम मिळण्याची सवय होती. "आई... हे तुम्ही केलंत? बाबांच्या लटकनाला सुतकी फीत लावलीत? एवढ्या धावपळीत? आज रात्री शोकसभेत मी भाषण करणार आहे. हे माझ्या घड्याळाला लावून करीन. तुम्हीच लावा, तुमच्या हाताने."

"मी नाही शिवली ती," ओटिलिए म्हणाली.

"मग? गेरलिंडे, तू?"

"मला बटण तरी लावता येतं का?" गेरलिंडे म्हणाली.

इर्मट्राउडने हात पुढे केला. डेटलेफने नाइलाजाने लटकन तिच्या हातावर ठेवले. भिंग तिच्या खिशातच असे, पण तिने ते काढले नाही. दुपारचा उजेड पुरेसा होता. क्रेप आता काळी राहिली नव्हती. गुरुवारी विकत घेतलेले काळे हे दौतीसारखे काळे असते. हिचा रंग उकळलेल्या चहासारखा झाला होता आणि घड्यांत हिरवट छटा आली होती. काळ्या रेशमाला तसे व्हायला एक पिढी लागते.

तिने मान वर केली. आई तिच्याकडेच पाहत होती.

"राहू दे, ट्राउडे," आई हळूच म्हणाली. "डेटलेफला घालू दे ते."

या वाक्यात एक विनवणी होती. इर्मट्राउड ती पुढे कित्येक वर्षे ऐकत राहिली. त्या वेळी मात्र तिला त्यातला एकच शब्द ऐकू आला, आणि तो होता डेटलेफचे नाव.

"घालू दे?" ती म्हणाली. "दुसऱ्याचं मढं छातीवर लावून फिरू दे? डेटलेफ, मंडळात इतकी वर्षं काय फक्त पेलेच घासलेस? लटकनावर पुढे कोणाचं नाव असतं?"

"देणाऱ्याचं," तो म्हणाला आणि थबकला.

"आणि ते कोणाच्या साखळीला असतं?"

"घेणाऱ्याच्या."

"यावर बाबांचं नाव आहे. म्हणजे हे बाबांनी कोणाला तरी दिलेलं. बाबांचं स्वतःचं, त्यांना मिळालेलं लटकन त्यांच्या बंडीच्या खिशात होतं आणि त्यांच्याबरोबर गेलं. आई, तूच ठेवलंस ना ते? मग हे इथे कसं? बाबांनी दिलेली वस्तू बाबांच्याच खोक्यात कशी?"

"देणं परत आलं की..." डेटलेफ म्हणाला. "संबंध तोडला की परत पाठवतात."

"साधं परत आलं तर तोडला. सुतकी फीत लावून आलं तर?"

उत्तर डेटलेफला ठाऊक होते. ते त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. भाऊ मेला की त्याच्या घरची माणसे त्याचे लटकन सुतकी फीत लावून ज्याने दिले त्याला परत करतात. शब्द लिहावा लागत नाही. ज्याला ते मिळते तो पेला भरतो, हुकमावर टेबलावर गोल घासतो, नाव घेतो आणि पिऊन पेला फोडतो.

"नखकात्री," इर्मट्राउड म्हणाली. गेरलिंडेने शिवणाच्या पेटीतून ती दिली. "टाके बघा आधी. धावदोरा नाही. प्रत्येक टाका सुटा, प्रत्येकाला आपली गाठ. बाई असं शिवत नाही. असं कातडी शिवतात." तिने एक एक गाठ कापली. क्रेप गळून पडली आणि चिमटीची मागची बाजू उघडी झाली. तिच्यावर नाव होते: झीगबेर्ट.

ते नाव या खोलीला नवे नव्हते. दर वर्षअखेरीस वडील बाजूच्या कपाटावर एक पेला भरून ठेवीत. तो झीगबेर्ट ब्लुमेनाउचा: त्यांचा कोल्हा, त्यांचा जिवलग, शस्त्रवैद्य. ज्यू म्हणून त्याला आधी मंडळातून काढले, मग इस्पितळातून, मग देशातून, असे समजत. युद्धानंतर वडिलांनी ब्वेनोस आयरेसपासून शांघायपर्यंत चौकशा केल्या. उत्तरे आली नाहीत, पण ते खचले नाहीत. पेल्याकडे बघून दर वर्षी एकच वाक्य म्हणत: "त्याने लटकन परत पाठवलेलं नाही. मला एवढं पुरे." लहानपणी बहिणी अर्जेंटिनातल्या या काकांसाठी चित्रे काढून ठेवीत.

"कधी आलं हे, आई?" इर्मट्राउडने विचारले. आवाज तिचाच होता, व्याख्यानातला, स्वच्छ. पण तो थांबवण्याचा दांडा तिला सापडत नव्हता.

ओटिलिएने कॉफीचा पेला बशीत नीट मधोमध ठेवला. "ज्यूंचं सिनागॉग जाळलं त्या नोव्हेंबरात, युद्धाच्या आदल्या वर्षी. फ्रांकफुर्टहून. आत पत्र नव्हतं. हे कोर्टात गेले होते. मी उघडलं."

"आणि ठेवून दिलंस."

"ठेवून दिलं. मला तुमची शास्त्रं कुणी शिकवली होती? परत पाठवलं म्हणजे तोडलं, एवढं मला माहीत होतं. काळी फीत पाहिली, वाटलं, आपली मैत्री मेली असं कळवतोय. आणि बरोबरच कळवतोय! मंडळातून काढायचा ठराव आला तेव्हा तुझ्या बाबांनी हात वर केला होता. सगळ्यांनी केला होता. यांच्या इतिहासाच्या पुस्तकात काय छापलंय, डेटलेफ?"

"'कठीण काळात काही बंधू आपल्यातून गेले,'" डेटलेफ खाली बघत म्हणाला.

"गेले. गाडी पकडायला गेले असतील." ओटिलिए हसली नाही. "दर वर्षी हे म्हणायचे, त्याने परत पाठवलेलं नाही. मी समजायचे, यांना म्हणायचंय, झीगबेर्टने मला क्षमा केली. आणि ती न केलेली क्षमा माझ्या कपाटात चादरींखाली होती. काढून देऊ? मेले असते ते."

"त्यांच्यासाठी लपवलंस तर," गेरलिंडे रडत म्हणाली. "आई, त्यांच्याचसाठी."

"नाही गं. तसं म्हणून बघते मी अधूनमधून, पण नाही." ती थोरलीकडे वळली. "मला आनंद झाला होता. कळतंय? त्या दिवशी मी केक केला. लग्न झाल्यापासून तो माणूस आमच्या टेबलावर होता, नसला तरी होता. सवत बाई असती तर झिंज्या धरल्या असत्या. फितीच्या तुकड्याला काय धरू? माझं नाव हे घेत ते 'मीठ दे' म्हणायला. त्याचं नाव घेताना यांचा आवाज बदलायचा. वाटलं, गेला एकदाचा. गुरुवारी यांच्यामागे खोक्यात टाकलं ते, म्हटलं आता माझं ओझं उतरलं. आणि आज तू सांगतेस की तो मरणाचा निरोप होता."

गेरलिंडेने रुमालात नाक शिंकरले.

"त्याच्या घरी फीत शिवायला कुणी उरलं नव्हतं," इर्मट्राउड म्हणाली. हे तिला आता थांबवायचे होते, आणि तरी वस्तू जे सांगते ते सांगितल्याशिवाय तिला राहवत नव्हते. "म्हणून त्याने स्वतःची स्वतःच शिवली. मरायच्या आधी. आणि पोस्टात टाकली."

डेटलेफ उठला. काही क्षण तो खरोखर तरुण आणि गोंधळलेला दिसला. मग घड्याळाने त्याला वाचवले. "मला निघायला हवं. तयारी..."

"डेटलेफ," ओटिलिए म्हणाली, "आज तिथे मेलेल्यांची नावं वाचतात ना? हे एक वाचशील?"

"आई, यादीत जे आहेत त्यांचीच वाचतात. ते... त्यांचं नाव काढलेलं आहे. पुन्हा घालायचं तर ठराव लागतो."

"काढायला लागला होता तसाच?"

"नियम आहेत, आई."

"असतील. मग खोका ट्राउडेचा. घेऊन जा गं, तुझा तो. पाटीवर माझं नाव घाला म्हणावं, डेटलेफ. काचेच्या कपाटात ठेवायला मीच तेवढी उरले आहे त्यांच्या कामाची."

दार लागले. गेरलिंडे बशा गोळा करून स्वयंपाकघरात गेली. तिथे तिने नळ मोठा सोडला, ऐकू येऊ नये म्हणून.

इर्मट्राउडच्या पुढ्यात खोका होता. सोळा वर्षे तिने याच क्षणाची तालीम केली होती: डेटलेफ जातो, खोका राहतो, आई म्हणते 'तुझा'. शब्दन् शब्द तसाच आला होता. तिने झाकणावर हात ठेवला. लाकूड थंड होते.

"हे तू मला कळावं म्हणून नाही सांगितलंस," आई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती; कापडाची जात ओळखावी तसे ती बोलत होती. "त्याला हरवायचं म्हणून सांगितलंस. मी राहू दे म्हटलं होतं."

"हो," इर्मट्राउड म्हणाली.

"मी तरी वेगळं काय केलं?" आई उठली, बाजूच्या कपाटातून वर्षअखेरीचा तो पेला काढला आणि नवऱ्याच्या बाटलीतली उरलेली बियर त्यात ओतली. फेस आला नाही. "तुला ते हुकूम येतात ना? पेले घासायचे. तू लहानपणी गालिच्यावर बाहुल्यांना द्यायचीस. हे दाराआडून ऐकून हसायचे."

"ते हसायचे? मला कधी सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं," आई म्हणाली. "दे हुकूम."

इर्मट्राउड उभी राहिली. ज्या दिवाणखान्यात तिला पाऊल टाकू देत नसत तिथे जे शब्द पुरुषच उच्चारत, ते तिने सरळ पाठीने, एकही न चुकता उच्चारले. पेला टेबलावर. आईने सुरकुतलेल्या हाताने तो लाकडावर गोल गोल घासला; फार हळू, फार वेळ. नाव.

"झीगबेर्ट ब्लुमेनाउ," इर्मट्राउड म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. तो कसा बदलला हे तिला स्वतःला ऐकू आले. या माणसाला तिने कधी पाहिले नव्हते. वडिलांनी तिला प्रत्येक वस्तू शिकवली होती. आपण कशाची वाट पाहतो आहोत तेवढे शिकवले नव्हते. तिच्या मनात शोकाच्या आधी जे उठले, आईने सवतीबद्दल सांगितले होते तेच, ते तिने लगेच ओळखले. ओळखणे हा तिचा धंदाच होता.

आई तिच्याकडे पाहत होती. "आता कळलं?" तिने विचारले. मग अर्धा पेला स्वतः प्यायली, उरलेला लेकीला दिला आणि रिकामा पेला परत घेऊन भिंतीवर फोडला.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. "काय फुटलं?" गेरलिंडेने ओरडून विचारले.

"काही नाही गं," ओटिलिए म्हणाली आणि काचा वेचायला स्वतःच खाली वाकली. "एक पेला. पाहुणा यायचा नाही आता."